फझ-पेडलची नको असलेली शिट्टी

विजेच्या गिटारचा स्वर स्वच्छ निघावा म्हणून यंत्रकारांनीं पुष्कळ वर्षें खटपट केली. आणि तो खरोखरच स्वच्छ निघूं लागला, तेव्हां वादकांनीं तो बिघडवून देणारें यंत्र मागितलें! ‘फझ’ म्हणून जें लहानसें पेडल वादकाच्या पायाशीं ठेवलेलें असतें, तें अशा बिघाडाचेंच यंत्र होय. त्याचा जन्महि एका बिघाडांतून झाला. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोण्ट वरी’ या अमेरिकन गीतांत ग्रेडी मार्टिन यांनीं वाजविलेल्या बास गिटारचा स्वर नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणाच्या वेळीं मिश्रणयंत्राच्या एका नादुरुस्त विभागांतून गेला, आणि तो फाटल्यासारखा, भुंग्याच्या गुंजारवासारखा उमटला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं त्या चुकीचें मोल ओळखलें आणि तोच स्वर हुकमी काढणारी मांडणी तयार केली. १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें ती बाजारांत आणिली. आरंभीं तिला फारसें गिऱ्हाईक मिळालें नाहीं. परंतु १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स यांच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतांत तिचा स्वर जगभर ऐकूं गेला आणि मागणी वाढली. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें ‘फझ फेस’ निघालें, व जिमी हेंड्रिक्स या वादकानें त्यास कीर्ति मिळवून दिली.

या फझ फेसची अंतर्रचना आश्चर्य वाटावें इतकी साधी आहे. दोन ट्रान्झिस्टर, तीन कंडेन्सर, चार रेझिस्टर, दोन फिरकीचीं बटनें आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी, एवढ्यांतच सारा संसार आटोपतो. म्हणूनच डाख देण्याची कला नुकतीच साधलेला हौशी मनुष्य पहिलें पेडल करावयास बसतो, तें बहुधा हेंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून सामान आणावें, एका सायंकाळीं तें जोडावें, आणि गिटारची तार छेडण्यापूर्वींच त्या पेटींतून एक तीक्ष्ण किंकाळी निघावी, हा अनुभव अशा कारागिरांना नवा नाहीं. मग भाग बदलण्याचें सत्र सुरू होतें. ट्रान्झिस्टर बदलले जातात, कंडेन्सर बदलले जातात, अखेर पेटीच कपाटाच्या कोपऱ्यांत जाते. वास्तविक बहुतेक वेळां त्यांतील एकहि भाग नादुरुस्त नसतो. दोष असतो तो भागांच्या परस्परसंबंधांत.

सभागृहांत वक्ता ध्वनिक्षेपकासमोर उभा राहतो आणि कर्ण्यांतून एकाएकीं कर्कश शिट्टी निघते, हें सर्वांनीं ऐकलेलें आहे. कर्ण्याचा आवाज ध्वनिक्षेपकांत शिरतो, वर्धकांतून मोठा होऊन पुन्हां कर्ण्यांत येतो, तेथून पुन्हां ध्वनिक्षेपकांत जातो. आणि हा फेरा वाढत वाढत यंत्राची शक्ति संपेपर्यंत जातो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ लार्सेन यांच्या नांवानें हा परिणाम ओळखला जातो. फेरा चालूं राहण्यास दोन गोष्टी जुळाव्या लागतात. परत आलेला अंश मूळच्यापेक्षां दुबळा नसावा, आणि तो मूळच्या लाटेशीं पाऊल जुळवून यावा. झोका पुढें जात असतांना पाठीमागून हात लागावा, तसा. झोका मागें येत असतां धक्का दिला, तर तो थांबेल. जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांनीं १९२१ च्या सुमारास हाच नियम गणिताच्या भाषेंत मांडला. फझच्या पेटींत कर्णाहि नसतो आणि ध्वनिक्षेपकहि नसतो. परंतु विजेच्या लाटेला परत फिरण्यास हवेची गरज नसते. दोन तारा शेजारून गेल्या, तरी तेवढी वाट तिला पुरते.

आतां फझ फेसमध्यें पावलें कशीं जुळतात, तें पाहण्यासारखें आहे. पहिला ट्रान्झिस्टर लाट उलटी करतो. वर जाणारी खालीं येते. दुसरा ती पुन्हां उलटी करतो. दोनदां उलटलेली लाट सुलटीच होते. म्हणजे बाहेर पडणारा स्वर आंत येणाऱ्या स्वराशीं पाऊल जुळवून असतो, शिवाय तो कित्येक पटींनीं मोठा असतो. अशा स्थितींत बाहेर जाणारी तार आंत येणाऱ्या तारेला बिलगून गेली, कीं झोक्याला योग्य क्षणीं धक्का देणारा हात आयताच मिळाला! त्या दोन तारांमधील धारणशक्ति अत्यल्प, कांहीं पिकोफॅरडांचीच असते. परंतु कंपनांची संख्या जसजशी वाढते, तसतशी ती वाट रुंद होते. म्हणूनच निघणारी शिट्टी बहुधा फार वरच्या पट्टींतील असते.

याच मांडणींत एक दुसराहि फेरा आहे, आणि तो हितकारक आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरपासून पहिल्याच्या बेसकडे एक लाख ओहमांचा रेझिस्टर मागें नेलेला असतो. एमिटरपाशीं लाट एकदांच उलटलेली असल्यामुळें हा परतावा विरोधी पडतो, आणि यंत्राला लगाम घालतो. फझचें बटन फिरविलें म्हणजे काय होतें? वीस मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर हळूहळू एमिटरपाशीं सरकतो आणि तो परतावा जमिनीकडे वळवितो. लगाम सुटतो. शिट्टी नेमकी फझचें बटन शेवटच्या टोकाला नेलें असतांच कां निघते, याचें उत्तर यांत आहे. बटन खराब आहे म्हणून नव्हे, तर तेथें यंत्राचें वर्धन सर्वांत अधिक असतें म्हणून.

आणखी एक कारण काळानें उत्पन्न केलें. आरंभींचीं पेडलें जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांचीं होतीं. ते मंद असत. दर सेकंदास दहा लाखांच्या आसपास कंपनें झालीं, कीं त्यांची वर्धनशक्ति संपे. मनुष्याचा कान वीस हजारांच्या वर ऐकत नाहीं, तेव्हां कामापुरती ती पुष्कळ होती. पुढें सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. बीसी १०८ सारखा साधा सिलिकॉन ट्रान्झिस्टर दहा कोटींच्याहि पलीकडे काम करतो, आणि त्याचें वर्धनहि मोठें. त्याचा ‘सी’ हा वर्ग घेतला, तर तें चारशेंपासून आठशेंपर्यंत असूं शकतें. जुन्या नकाशावर नवा ट्रान्झिस्टर बसविणें म्हणजे बैलगाडीच्या रस्त्यावर शर्यतीची मोटार सोडणें होय. रस्ता तोच असतो. फक्त पूर्वीं न जाणवणारा प्रत्येक खड्डा आतां जाणवूं लागतो.

परंतु उपायाला हात घालण्यापूर्वीं दोष पेडलमध्येंच आहे कीं नाहीं, हें ठरविलें पाहिजे; आणि येथेंच घाई होते. प्रथम वर्धकाचा आवाज अगदीं कमी करावा. फझची शिट्टी पूर्ण जोरानें जवळून ऐकणें कानाला अपायकारक आहे, आणि लहान कर्णाहि तिनें फाटूं शकतो. मग गिटारवरील आवाजाचें बटन शून्यावर आणावें. शिट्टी तत्काळ थांबली, आणि बटन पुन्हां पूर्ण उघडून गिटार कर्ण्यापासून दूर नेली असतांहि ती उमटली नाहीं, तर तो दोष नव्हेच. कर्ण्याच्या आवाजानें तारा थरथरतात किंवा गिटारमधील पिकअपचें वेटोळेंच कांपतें, इतकाच त्याचा अर्थ. तळहातानें तारा दाबल्या असतां थांबते ती तारांची. तारा दाबूनहि राहते ती पिकअपची. याउलट गिटारचें बटन शून्यावर असतांहि शिट्टी चालूच असेल, तर फेरा पेटीच्या आंत किंवा वीजपुरवठ्यांत आहे, असें समजावें.

एक तिसरा प्रकार फार फसवा असतो. बटन पूर्ण उघडें असतां शांतता, शून्यावरहि शांतता, आणि मध्यें कोठें तरी किंकाळी! अननुभवी मनुष्य यावरून गिटारचें बटन खराब ठरवितो. वस्तुस्थिति अशी कीं, बटन मध्यावर असतांना पेडलच्या प्रवेशद्वाराशीं जोडलेला विरोध सर्वांत मोठा असतो. शून्यावर तें द्वार जमिनीला टेकलेलें असतें, त्यामुळें चुकून आलेली लाट तेथेंच जिरते. मध्यावर तिला जिरण्यास वाव मिळत नाहीं. हें लक्षण दिसलें, म्हणजे आंत येणारी व बाहेर जाणारी तार एकमेकींच्या फार जवळ आहेत, अशी जवळजवळ खात्री बाळगावी.

पेटी उघडून एक लांकडी काडी घ्यावी. आइस्क्रीमची काडीहि चालेल. यंत्र चालूं ठेवून त्या काडीनें एकेक तार हलकेच बाजूला सारावी आणि कान देऊन ऐकावें. शिट्टीची पट्टी बदलली, ती चढली किंवा उतरली, तर त्या तारेचा या प्रकरणांत हात आहे. बोटानें हा प्रयोग करण्यांत नऊ व्होल्टांचा धोका कांहींच नाहीं, परंतु बोटाच्या स्पर्शानेंच विजेची स्थिति बदलते आणि पुरावा नाहींसा होतो. मात्र धोका नाहीं हें केवळ पेडलविषयीं झालें. व्हॉल्वच्या वर्धकाची पेटी या शोधांत कधींहि उघडूं नये. त्यांत तीनशें-चारशें व्होल्टांचा दाब असतो, आणि बटन बंद करून तारेची गांठ भिंतींतून काढल्यावरहि कंडेन्सरांत तो कांहीं काळ टिकून राहतो. घरांतील मुलांनीं हा उद्योग चालविला असेल, तर वडील माणसांनीं पेडलाकडे दुर्लक्ष केलें तरी चालेल, पण या एका गोष्टीकडे करूं नये.

तार सांपडली, तर उपाय स्वस्त आहे. तारा लांब ठेवण्याची नवशिक्यांना फार हौस असते, पुढें कांहीं बदलावें लागल्यास बरें म्हणून. त्या तोडून आंखूड कराव्या. आंत येणारी तार पेटीच्या एका कडेनें, बाहेर जाणारी दुसऱ्या कडेनें न्यावी. दोहोंना एकमेकींवरून जावेंच लागत असेल, तर काटकोनांत जाऊं द्यावें. शेजारून समांतर धावूं देऊं नये. आंत येणारी तार जाळीच्या आवरणाची घ्यावी, आणि तें आवरण एकाच टोकाला जमिनीशीं जोडावें. पेटी धातूची असावी, व तीहि जमिनीशीं जोडलेली असावी. प्लॅस्टिकच्या डब्यांत केलेली फझ रात्रीं एखाद्या रेडिओ-केंद्राचें गाणें ऐकवूं लागते, त्यांत चमत्कार नसतो. गिटारची लांब तार आकाशतारेचें काम करते, आणि पहिला ट्रान्झिस्टर त्या लहरींतून आवाज वेगळा काढतो. बीसी १०८ वापरणाऱ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याची धातूची टोपी आंतून कलेक्टरलाच जोडलेली असते. ती पेटीला किंवा शेजारच्या उघड्या तारेला टेकली, कीं नाना भलतींच लक्षणें दिसूं लागतात.

जमिनीची जोडणी हा विषय कंटाळवाणा वाटतो खरा, पण निम्मे दोष तेथेंच दडलेले असतात. ‘जमीन’ म्हणून जो बिंदु नकाशावर दाखविलेला असतो, तो कागदावर एक असतो. पेटींत मात्र तो तारेचा एक लांब तुकडा असतो, आणि त्या तुकड्याला स्वतःचा थोडा विरोध असतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बदलता प्रवाह त्या तुकड्यांतून गेला, आणि पहिल्याचा एमिटरहि त्याच तुकड्यावर बसला असला, तर पहिल्याच्या पायाखालची जमीनच हलूं लागते. आणि या मांडणींत ती नेमकी फेऱ्याला पोषक अशाच दिशेनें हलते. एखाद्या सुकलेल्या, वरून चकाकणाऱ्या पण आंतून पोकळ अशा डाखामुळेंहि हेंच घडतें. सर्व जमिनी एका ठिकाणीं आणाव्या, आणि संशयित डाख पुन्हां तापवून द्यावेत.

शिट्टीऐवजीं मोटारबोटीसारखी ‘फट्‌ फट्‌’ ऐकूं येत असेल, तर वाट निराळी आहे. ही मंद कंपनें बहुधा वीजपुरवठ्यांतून येतात. जुन्या बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढलेला असतो. ट्रान्झिस्टरनें अधिक प्रवाह ओढतांच तिचा दाब खालीं जातो, आणि तो धक्का मागच्या ट्रान्झिस्टरांना पोहोंचतो. फझ फेसच्या दोन ट्रान्झिस्टरांत हा परतावा सहसा विरोधी दिशेनें पडतो व निरुपद्रवी ठरतो. परंतु टोन बेंडरच्या दुसऱ्या आवृत्तींत तीन ट्रान्झिस्टर आहेत. तेथें किंवा एकाच अडॅप्टरवर अनेक पेडलें चालविलीं असतां पावलें जुळतात आणि फटफट सुरू होते. परीक्षा सोपी आहे. नवी बॅटरी एकट्या त्या पेडलला लावून पाहावी. दोष गेला, तर पुरवठ्याच्या वाटेंत शंभर ओहमांचा एक रेझिस्टर घालून त्याच्यापुढें शंभर मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जमिनीकडे लावावा, व त्याच्या जोडीला एक दशांश मायक्रोफॅरडचा लहान सिरॅमिक द्यावा. मोठा कंडेन्सर मंद कंपनें सांभाळतो, लहान जलद. जर्मेनियमच्या पीएनपी पेडलांत बॅटरीचें धन टोंक जमिनीला असतें. असें पेडल इतरांच्या सामाईक अडॅप्टरला जोडलें, तर अडॅप्टरचीं दोन टोकेंच एकमेकांस भिडतात. त्याला स्वतंत्र बॅटरी द्यावी, हेंच उत्तम.

सर्वांत कावेबाज दोष मात्र ऐकूंच येत नाहीं. कंपनें कानाच्या मर्यादेपलीकडे असतात, शिट्टी नसते. फक्त स्वर बारीक होतो, चोंदल्यासारखा वाटतो, किंवा तार शांत होत असतां ‘खर्र’ असा आवाज करून एकदम तुटतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टांच्या आसपास दाब असावयास पाहिजे. तो मोजतांना मीटरची सुई टेकतांच किंवा शेजारीं हात नेतांच आंकडा उडी मारीत असेल, तर अशा मूक कंपनांचा संशय घ्यावा. ऑसिलोस्कोप ज्याच्याजवळ नाहीं, त्यानें मीडियम वेव्हचा एक लहान रेडिओ पेडलच्या शेजारीं ठेवून त्याचा कांटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. पेडल चालूं असतां एखाद्या जागीं शिट्टी किंवा अनैसर्गिक शांतता मिळाली, आणि पेडल बंद करतांच ती गेली, तर चोर सांपडला.

येथें मग लहान कंडेन्सरचा उपयोग होतो. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर व बेस यांच्यामध्यें सत्तेचाळीस ते शंभर पिकोफॅरडचा एक कंडेन्सर लावला, कीं जलद कंपनें तेथल्या तेथें उलट्या पावलानें परत फिरतात आणि एकमेकांस मारतात. मिलर यांनीं १९२० सालीं व्हॉल्वच्या बाबतींत दाखवून दिलें, कीं अशा जागीं बसलेला कंडेन्सर व्हॉल्वच्या वर्धनाइतक्या पटींनीं मोठा झाल्यासारखा वागतो. ट्रान्झिस्टरलाहि तोच न्याय लागूं आहे. म्हणून एवढासा तुकडा पुरे होतो. दुसरा उपाय म्हणजे वर्धन कमी असलेला ट्रान्झिस्टर निवडणें. ‘सी’ ऐवजीं ‘ए’ वर्गाचा बीसी १०८ शंभर ते दोनशेंच्या आसपास राहतो, आणि जुन्या जर्मेनियमच्या स्वभावाला तो अधिक जवळचा आहे.

उपाय हाताशीं आले म्हणजे ते एकदम सगळेच करण्याचा मोह होतो. तसें केल्यास शिट्टी जाते, आणि तिच्याबरोबर फझहि जाते. कंडेन्सर दोनशें, पांचशें पिकोफॅरडचा केला, तर स्वराची धार बोथट होते. प्रवेशाशीं मोठा रेझिस्टर घातला, तर गिटारचें बटन थोडें मागें फिरवितांच स्वर निवळण्याची जी या पेडलची खरी मौज, ती नाहींशी होते. फझ फेसचें प्रवेशद्वार मुद्दामच असें ठेवलेलें आहे, कीं गिटारचें वेटोळें त्या मांडणीचाच एक भाग बनावें. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा, प्रत्येक बदलानंतर तेंच वाक्य वाजवून पाहावें, आणि शिट्टी ज्या उपायानें थांबली त्याच्यापुढें जाऊं नये. तारांची नीट मांडणी हा उपाय प्रथम, कारण त्यानें स्वराचें कांहींच जात नाहीं; कंडेन्सर सर्वांत शेवटीं. पुष्कळ लोक याच्या अगदीं उलट क्रमानें जातात, आणि मग आपल्या पेडलमध्यें मूळच्या पेडलासारखा जीव नाहीं, अशी तक्रार करतात.

पेडल एकटें असतां निर्दोष, परंतु वाह-वाह पेडलच्या मागोमाग जोडतांच किंचाळतें, असाहि एक प्रकार आहे. तेथें दोन्ही यंत्रें निर्दोष असतात. फझचें प्रवेशद्वार फार प्रवाह ओढणारें असल्यामुळें वाह-वाहला तो भार पेलत नाहीं, आणि दोघांचे स्वभाव जुळत नाहींत. फझ आधीं व वाह-वाह मागून, असा क्रम बदलून पाहावा. तो स्वर पसंत नसेल, तर वाह-वाहच्या बाहेर पडण्याच्या जागीं एका ट्रान्झिस्टरचा मध्यस्थ बसवावा, म्हणजे तो भार स्वतःच्या अंगावर घेतो.

या शिट्टीला वादकांनीं मात्र सर्वस्वीं टाकून दिलेलें नाहीं. १९९० च्या दशकांत अमेरिकेंतील झॅकरी व्हेक्स यांनीं ‘फझ फॅक्टरी’ नांवाचें पेडल काढलें, त्यांत बटनें विशिष्ट जागीं फिरविलीं असतां यंत्र मुद्दाम किंचाळूं लागतें, आणि त्या किंकाळीची पट्टीहि वादकाला खालीं-वर नेतां येते.